शेवटच्या सतरंजीवरचा कान

बारामतीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ॲम्प्लिफायर, माइक, स्पीकर, मिक्सर. मिक्सर म्हणजे आवाजाचा, चटणीचा नव्हे, हे मला आठवड्यातून दोनदा सांगावं लागतं. वडील गेल्यावर दुकान मी चालवायला घेतलं त्याला नऊ वर्षं झाली, तरी नवं गिऱ्हाईक आत डोकावून आधी "मालक कुठं हायत?" असंच विचारतं. मी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे नुसती बघते. बहुतेकांना तेवढं पुरतं.

अय्युबचाचांनी तसं कधी विचारलं नाही. म्हणून ते माझे लाडके गिऱ्हाईक, आणि म्हणूनच गेल्या फेब्रुवारीत त्यांनी माझं डोकं जेवढं खाल्लं तेवढं मी दुसऱ्या कुणाला खाऊ दिलं नसतं.

चाचा डाळजचे. हायवेच्या कडेला मोटारसायकलची सीट शिवायचं त्यांचं दुकान आहे. वय चौसष्ट. दिवसा रेक्झिन आणि फोम, लग्नसराईत संध्याकाळी ऑर्केस्ट्रा, हे गेली चाळीस वर्षं चाललंय. ऑर्केस्ट्रात ते दोन गिटारी वाजवतात, एक उभी आणि एक आडवी. उभी म्हणजे गळ्यात अडकवायची साधी इलेक्ट्रिक गिटार. आडवी म्हणजे टेबलासारखी पुढ्यात ठेवायची, जिच्या तारा बोटानं दाबायच्या नसतात, वरून गुळगुळीत पोलादी कांडी सरकवायची असते. त्यातून सूर असा ओघळत येतो की ऐकणाऱ्याला उगाच काहीतरी आठवायला लागतं.

ही आडवी चाचांनी स्वतः बनवलीय. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना मोबाइलवर परदेशातली एक आडवी गिटार दाखवली, जिला खाली पायडलं होती. पायडल दाबलं की एखादीच तार चढते आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. चाचांनी तो व्हिडिओ शंभर वेळा बघितला म्हणे. मग चाँदचाचींच्या जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा घेतला, काटेवाडीच्या एका वेल्डरकडून त्याला मोटारसायकलच्या ब्रेकची तीन पायडलं जोडून घेतली, ब्रेकच्याच वायरी तारांना बांधल्या. चाचींना नवीन मोटारीचं मशीन आलेलं होतं, पण सांगाडा गेल्याचं दुःख त्या अजून बोलून दाखवतात. "माझ्या माहेरचा व्हता त्यो," म्हणतात, "आता लोकांच्या वरातीत नाचतोय."

तर फेब्रुवारीत चाचा आले आणि म्हणाले, "श्रेया, एकच बघायचा. दोन्हीला चालंल असा."

आधी त्यांच्याकडे दोन ॲम्प होते, एकेका गिटारीला एकेक. हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली. दोन खोकी टेम्पोत चढवायची, उतरवायची, परत चढवायची, हे आता जमणार नव्हतं.

"दोघींचा स्वभाव वेगळा हाय चाचा," मी म्हणाले.

"एका घरात दोन सुना नांदत्यात की."

"एका चुलीवर न्हाय नांदत."

पण प्रश्न मला आवडला. उभ्या गिटारीला जरा फाटका आवाज शोभतो. ॲम्प ताणला की आवाजाला खरखर येते आणि वाजवणाऱ्याला तीच हवी असते. आडवीला ही खरखर अजिबात चालत नाही. तिच्या तीन-चार तारा एकदम बोलतात, आवाज फाटला की त्यांची खिचडी होते. शिवाय तिचा सूर विझत चालला की वाजवणारा पायाखालच्या वेगळ्या पायडलनं आवाज वाढवत नेतो, म्हणून ॲम्पच्या पोटात भरपूर ताकद शिल्लक लागते. एकीला हवं ते दुसरीला नको.

दोन दिवस मी विचार केला आणि उत्तर सापडलं. भाजीत मीठ मागून घालता येतं, काढता येत नाही. म्हणजे ॲम्प आडवीच्या स्वभावाचा घ्यायचा, मोठा, स्वच्छ, न फाटणारा. उभीला खरखर हवी असेल तेव्हा तिच्या वायरीत खरखरीची छोटी डबी लावायची, पायानं चालू-बंद करायची. मी स्वतःवर इतकी खूश झाले की दुकानात एकटीच हसले.

चाचांना मात्र घाई होती, आणि घाईचं कारण त्यांनी तिसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं. काटेवाडीच्या कार्यक्रमानंतर ऋषिराजनं त्यांना बाजूला घेतलं होतं. ऋषिराज म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक, भिगवणचा, वय तीस. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून चाचा तिथं वाजवतात. तो म्हणाला, "चाचा, आडवी लई टोचाय लागलीया. पुढची माणसं उठून मागं जाऊन बसली. एप्रिलात बावडा गावात लगीन हाय, तितं बघू. तितंबी असंच झालं तर आडवी घरी ठिवा. कीबोर्डवर निघतोय त्यो आवाज."

कीबोर्डवर निघतोय. मला इतका राग आला की मी चाचांचा कप चाचांच्या आधी उचलला. चाचा शांत होते. "पोरगं वाईट न्हाय," ते म्हणाले. "ॲम्प जुना झालाय, त्याला त्यो काय करणार."

दोष त्यांनी ॲम्पला दिला. मीही दिला. आम्हा दोघांची चूक तिथंच झाली.

माझ्याकडे दुरुस्तीला आलेले आणि विकायला ठेवलेले मिळून चार ॲम्प होते. चाचा आडवी टेम्पोत घालून घेऊन आले आणि सकाळभर दुकानात वाजवत बसले. पहिला नको, दुसरा नको. चौथा माझ्या मनातला होता, पंधरा इंची स्पीकरचा, जुना पण ठणठणीत. त्यावर त्यांनी एक सूर सोडला आणि रस्त्यावरचा केळीवाला गाडी थांबवून बघत राहिला. मी जिंकल्यासारखं चाचांकडे पाहिलं.

"गोधडीत गुंडाळल्यावानी येतोय," चाचा म्हणाले.

"काय?"

"धार न्हाय त्याला." आणि त्यांनी बारीक आवाजाचं बटण, ज्याला आम्ही ट्रेबल म्हणतो, ते सातवर नेलं, आठवर नेलं, दहावर नेलं. माझ्या दाढेत कळ गेली. केळीवाला निघून गेला. "हां," चाचा म्हणाले, "आता जरा बरा येतोय. पर अजून पायजे."

माझा स्वभाव चांगला नाही, हे मी लपवत नाही. मी म्हणाले, "चाचा, तुमाला ॲम्प नको, भांडण पायजे."

ते रागावले नाहीत. पंधरा दिवस घरी नेऊन बघतो म्हणाले. मी ॲम्पला खाली चाकं लावून दिली आणि ते घेऊन गेले. चार दिवसांनी फोन आला, गोधडीच. मी गेले आणि ॲम्प घेऊन आले. उघडला, सगळे सांधे परत तपासले, यंत्रावर आवाजाची रेघ बघितली. रेघ सरळ होती. बारीक आवाज जेवढा आत जात होता तेवढाच बाहेर येत होता. परत दिला. परत फोन, गोधडीच. आता माझ्या पोटात राग कमी आणि कुतूहल जास्त झालं. यंत्र खोटं बोलत नाही आणि अय्युबचाचाही खोटं बोलत नाहीत. मग या दोघांच्या मध्ये आहे तरी काय?

रविवारी सकाळी मी दुकान बंद ठेवून डाळजला गेले.

चाचांचं घर दुकानाच्या मागंच आहे. चाची ओट्यावर मशीनवर बसल्या होत्या. शेजारी फोमचा एक तुकडा होता आणि त्यात सहा मोठ्या सुया टोचून ठेवलेल्या, सगळ्यांत दोरा ओवलेला. सीटचे कोपरे मशीनवर बसत नाहीत, हातानं शिवावे लागतात, त्याची ती तयारी. चाचांनी माझ्यासाठी आडवी मांडून ठेवलीच होती. मी चप्पल काढून आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, "इन्व्हर्टर कवापासनं ओरडतोय?"

कोपऱ्यातला इन्व्हर्टर बॅटरी संपल्याची शिट्टी मारत होता. बारीक, अंगावर येणारी, दर चार सेकंदांना एक.

"कुठला?" चाचा म्हणाले.

"दोन दिवस झालं," चाची मशीनवरूनच म्हणाल्या. "मीच उठून बंद करती, पुन्ना सुरू व्हतंय. ह्यांना सांगून काय उपेग न्हाय, ह्यांचं ध्यानच नसतंय. कुकरच्या शिट्ट्याबी मीच मोजायच्या."

चाचा इन्व्हर्टरपासून चार हातांवर उभे होते. शिट्टी वाजली. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

मला एकदम कळलं आणि कळल्याबरोबर नको वाटलं. पण तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून मी मोबाइल काढला. त्यावर एक सूर जाडसर सुरू होऊन बारीक बारीक होत वर चढत जातो, असं एक साधन असतं. मी म्हणाले, "चाचा, जरा गंमत बघू. ऐकू येतंय तवर हात वर धरा." त्यांनी हात वर धरला. चाची मशीन थांबवून आत येऊन बघायला लागल्या. सूर चढत गेला, बासरीएवढा झाला, शिट्टीएवढा झाला. मोबाइलवरचा कंपनांचा आकडा तीन हजारांच्या थोडा पुढं गेला आणि चाचांनी हात खाली घेतला.

"बंद का केलास?" त्यांनी विचारलं.

सूर चालू होता. खोलीभर होता, आणि अजून चढत होता. चाचींनी डोक्यावरचा पदर ओढून कानावर घेतला.

चाचा माझ्याकडे बघतच नव्हते. ते चाचींच्या पदराकडे बघत होते.

हा पदर काय आहे ते मला त्यांनी नंतर सांगितलं. चाचांचे उस्ताद म्हणायचे, आवाज आपल्यापाशी ऐकायचा नसतो, शेवटच्या सतरंजीवर ऐकायचा. पुढं बसणारा मानाचा असतो, तो काहीही सोसतो. मागं लेकरं मांडीवर घेऊन बसलेली बाई सोसत नाही, उठून जाते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत चाचा चाचींना कार्यक्रमाला न्यायचे आणि मुद्दाम शेवटच्या सतरंजीवर बसवायचे. आवाज टोचला की चाचींनी पदर कानावर घ्यायचा. नीट झाला की सोडायचा. चाचा स्टेजवरून तेवढंच बघायचे आणि बटण फिरवायचे. पुढं लेकरं झाली, शिवण वाढलं, सतरंज्या जाऊन खुर्च्या आल्या आणि चाचींचं जाणं थांबलं.

त्या रविवारी सूर अजून चालूच होता. मी मोबाइल बंद केला. चाचींनी पदर सोडला. चाचा आडवीसमोरच्या स्टुलावर बसले.

"सगळी झांज ह्याच कानावर," ते डावा कान चोळत म्हणाले. ऑर्केस्ट्रात त्यांची जागा चाळीस वर्षं एकच, ड्रमवाल्याच्या उजव्या हाताला. "किती वरसं झाली आसंल?"

मला काय माहीत? मी म्हणाले, "दोन्ही कानांचं बारीक ऐकणं हळूहळू गेलं आसंल चाचा. हळूहळू जातंय म्हणून कळत न्हाय."

"मंजी काटेवाडीत टोचत व्हतं त्ये खरंच व्हतं."

"व्हय."

"आन मीच टोचवत व्हतो."

मला फार वाईट वाटलं. मी इतके दिवस या माणसाला हट्टी म्हणत होते, आणि तो बिचारा हरवलेला आवाज माझ्या चार खोक्यांत शोधत होता. कुठल्याही ॲम्पमध्ये तो मिळणार नव्हता.

चाचांनी पोलादी कांडी उचलून डबीत ठेवली आणि झाकण लावलं. "ऋषिराजला सांगतो, आडवी न्हाय आणत. उभीबी न्हाय. ज्याला दिसत न्हाय त्यानं सुईत दोरा ओवू नये."

चाचींनी फोमचा तुकडा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला, सहाच्या सहा सुयांसकट.

"आट वरसं झाली," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी कोण ओवून ठिवतंय ह्या? सीट शिवायचं सोडलं का तुमी?"

चाचा सुयांकडे बघत राहिले.

"तुमी वाजवा," चाची म्हणाल्या. "ऐकायचं मी बघती."

पुढं आम्ही कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. गेलेलं परत येत नाही, त्यांनी सांगितलं. कानात यंत्र लावा, बोलणं नीट ऐकू येईल, पण गिटार त्यातून पत्र्यासारखी वाजेल, हेही मोकळेपणानं सांगितलं. चाचांनी यंत्र घेतलं. ते बोलण्यापुरतं वापरतात आणि वाजवायच्या आधी काढून खिशात ठेवतात.

ॲम्प मात्र ठरला, तोच पंधरा इंची. चाचांना तो अजून गोधडीतलाच वाटत होता, पण आता त्यावर त्यांचं म्हणणं नव्हतं.

बावडा गावातलं ते लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. चार वाजता आम्ही मंडपात पोहोचलो. आम्ही म्हणजे चाचा, चाची, आणि मी, जिला कुणी बोलावलं नव्हतं. पण शेवट बघितल्याशिवाय मला झोप लागली नसती. चाचींच्या काखेत गुंडाळी होती. मंडपात दोन-तीनशे खुर्च्या मांडलेल्या असताना त्या पार शेवटी गेल्या आणि खुर्च्यांच्या मागं घरून आणलेली सतरंजी अंथरून तिच्यावर बसल्या.

"चाची, खुर्ची घ्या की," मी म्हणाले.

"खुर्चीवर बसून मला ऐकाय येत न्हाय," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं लेकरं घेतलेल्या दोन बायका आल्या आणि खुर्च्या सोडून त्याही सतरंजीवर बसल्या.

चाचांनी आडवी मांडली, वायर लावली, ट्रेबल सवयीनं दहावर नेलं आणि एक सूर सोडला. चाचींचा पदर कानावर गेला. शेजारची बाई लेकराचे कान झाकत होती. चाचांनी बटण आठवर आणलं. पदर कानावरच. सहा, पदर कानावर. पाचवर आणताना त्यांचा हात थांबला. मी स्टेजच्या खाली उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे उघडे ठेवून माणूस अंधारात पायरी शोधतो, तसा तो झाला होता.

"श्रेया, आता नुसता भुंगा ऐकू येतोय," ते हळूच म्हणाले.

"माझ्याकडं बगू नका चाचा," मी म्हणाले. "तिकडं बगा."

त्यांनी शेवटच्या सतरंजीकडे बघितलं आणि बटण चारवर आणलं. पदर जरासा हलला, पण सुटला नाही. साडेतीनवर आणलं, आणि चाचींनी पदर सोडून हात मांडीवर ठेवला. मी चाचींच्या शिवणाचा निळा खडू आणला होता, त्यानं बटणाशी रेघ ओढली. मग उभी गिटार दुसऱ्या खोबणीत लावली, खरखरीची डबी पायाशी ठेवली, आणि तिच्यासाठीही पदर वर-खाली झाला. दुसरी रेघ पाचावर आली.

मुहूर्ताच्या आधी तासभर कार्यक्रम झाला. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, मला वायरीतलं कळतं, पण त्या संध्याकाळी चाचांच्या आडवीतून जे येत होतं ते ऐकताना मी माझ्या वडिलांचा दुकानातला स्टूल आठवत उभी राहिले आणि रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पुढच्या रांगेतलं कुणी उठलं नाही. चाचा एकदाही बोटांकडे बघत नव्हते. त्यांची नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून मागं लागलेली होती.

अक्षता पडल्यावर ऋषिराज आला. त्यानं टोचण्याबिचण्याचा विषय काढला नाही. "चाचा, मेच्या तारखा लिहून घ्या," एवढंच म्हणाला, आणि जाता जाता आडवीच्या लोखंडी सांगाड्यावर हात ठेवून गेला.

लोक जेवायला पांगले. चाचांनी कानातलं यंत्र लावलं, ॲम्प चाकांवर ढकलत मंडपाच्या मागच्या टोकाला आणला आणि चाचींसमोर उभे राहिले. चाची सतरंजीवरचे तांदूळ झटकत होत्या.

"कसं वाजलं?" त्यांनी विचारलं.

चाचींनी मान वर केली. "तुमाला आठवतंय तसंच," त्या म्हणाल्या.

चाचांनी वाकून सतरंजीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून तिची घडी घातली.